धुईतून खालाच्या गावाला

फाटक उघडून बाहेर आले तर समोरचा रस्ताच दिसेना. धुक्यानं गल्ली काठोकाठ भरली होती आणि त्या पांढऱ्यात कुठंतरी सायकलची घंटी वाजत होती. नसरीन आली होती.

साताऱ्याहून माझी बदली वाशीमला झाली, तेव्हा पहिलं वर्ष मी सुट्टीच्या दिवशी खोलीत बसूनच काढलं. मग एक सायकल घेतली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नसरीन आणि तिचा नवरा सलीम यांचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. सकाळी मी सायकलवरून जाताना ती कापूस पिंजायच्या मशीनशेजारी उभी राहून बघत असायची. एकदा तिनं हाक मारून थांबवलं. "ताई, मले येईन का व हे?" चाळिशी ओलांडलेली बाई. शाळेच्या मैदानावर पहाटे पहाटे शिकली. गुडघे फोडून घेतले, हँडल वाकवलं, पण शिकली. पुढं एकबुर्जीच्या तलावापर्यंत आमच्या कितीतरी फेऱ्या झाल्या. वर्षाच्या शेवटच्या दिवशी कुठंतरी लांब जाऊ, हे तिनंच काढलं. "शेलूबाजारकडे जाऊ," म्हणाली. मला काय, इकडचा कुठलाही रस्ता नवाच.

गाव मागं पडलं आणि आवाजच संपले. फक्त साखळीची किरकिर आणि आमचा श्वास. दोन्ही बाजूंना शेतं आहेत हे माहीत होतं, दिसत मात्र काठावरची तूर तेवढी होती. तिच्या पिवळ्या फुलांवर पाणी साठलेलं. इकडे धुक्याला धुई म्हणतात आणि शेतकऱ्याला ती मुळीच आवडत नाही. "धुई पडली का तुरीचा फुलोर गळते," नसरीन म्हणाली. मला मात्र वाटत होतं, ही धुई दिवसभर अशीच राहावी. पाय आपोआप फिरत होते. आपण पुढं जातोय की रस्ताच खालून मागं सरकतोय, ते कळेनासं झालं होतं.

एका उतारावर नसरीननं अचानक ब्रेक दाबला. समोर रस्त्याच्या मधोमध एक भलंमोठं जनावर उभं होतं. मला आधी घोडा वाटला. मग धुक्यातून दुसरं आलं, तिसरं आलं. "रोही," ती कुजबुजली (रोही म्हणजे नीलगाय). अख्खा कळप आमच्या पुढ्यातून सावकाश पलीकडच्या हरभऱ्यात उतरला. शेवटच्या मादीनं मान वळवून आमच्याकडे पाहिलं. तिच्या नाकातून वाफ निघत होती. ती गेल्यावरही आम्ही कितीतरी वेळ पेडलवर पाय ठेवला नाही.

ऊन जरा फुटलं तेव्हा एका फाट्यावर टिनाचं हॉटेल लागलं. कढईत आलूबोंडे तळणं चालू होतं. मालक म्हातारा होता. त्यानं आमच्या सायकलींकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"कुठून आल्या बाई?"

"वाशीमवरून."

"एस्टीचा संप हाय का?"

"नाही. हौसेनं निघालो," मी म्हटलं.

"हौस!" त्यानं झारा कढईवर आपटला. "आमी सायकल सोडली तवा आमाले वाटलं आता जिंदगीभर सुख."

हसता हसता मला ठसका लागला. नसरीन हसली नाही. तिनं बोंड्याचा एक तुकडा मोडला होता, तो तसाच बशीत होता. चहावर साय धरली.

"ताई, एक गोष्ट सांगतली नाही तुमाले," ती म्हणाली. "मी फिरायले नाही निघाली. खालाकडे चालली."

खाला म्हणजे आईची बहीण. नसरीनची आई लहानपणीच गेली. शेलूबाजारच्या पुढं आतल्या एका गावात राहणाऱ्या या मावशीनं तिला वाढवलं. आपल्या मुलासाठी हीच सून करायची, हे मावशीच्या मनात पक्कं होतं. नसरीननं सलीमला पसंत केलं. मावशीनं उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं, आणि तेव्हापासून कुणी कुणाचा उंबरा पाहिला नाही. आता परवा बाजारात कुणीतरी सांगितलं, बुढीचं काही खरं नाही, फार वाळली.

"मग बसनं का नाही गेलीस?" मी विचारलं.

"बसनं गेली असती त दारातूनच परत फिरली असती. परतीची बस असतेच ना. सायकलनं एवढी मरमर करून गेल्यावर कोन फिरीन वापस?"

"सलीमभाईंना माहीत आहे?"

तिनं मान हलवली. नाही. मग एका घोटात चहा संपवला आणि उठली.

यापुढचा रस्ता मी वेगळ्याच नजरेनं पाहिला, हे कबूल केलं पाहिजे. धुई विरत होती. कपाशीच्या शेतांत बाया वेचणीला वाकल्या होत्या. तारेवर बसलेला नीळकंठ (इकडं त्याला चास म्हणतात) आम्ही जवळ गेलो की उडायचा, पुढच्या तारेवर बसायचा, पुन्हा उडायचा. एरवी नसरीननं प्रत्येक वेळी बोट दाखवलं असतं. आता ती माझ्या पुढं होती आणि तिची पाठ ताठ होती.

हॉटेलवाल्यानं एक जवळची वाट सांगितली होती. वावरांमधून जाणारा पांदण रस्ता. तिथंच घोळ झाला. रात्री कुणीतरी गव्हाला पाणी सोडलं होतं आणि ते फुटून रस्त्यावर आलं होतं. वऱ्हाडातली काळी माती ओली झाली की काय करते, हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच ठाऊक. दहा पावलांत चाकं फिरायची बंद झाली. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये माती अशी गच्च बसली की सायकल ढकलताही येईना, उचलताही येईना. नसरीन तोल जाऊन गुडघ्यांवर बसली. उठली तेव्हा सलवार पोटरीपर्यंत काळी झाली होती.

"अल्लाची मर्जीच नाही दिसत," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "चला ताई वापस."

बांधापलीकडून एका बाईनं पाहिलं आणि तुरीतून वाट काढत ती आली. मागून तिचा नवरा.

"कायले रडून राह्यली व माय? चिखल त हाय." बाईनं पऱ्हाटीची काडी (कपाशीचं वाळलेलं खोड) मोडून घेतली आणि मडगार्डमध्ये खुपसून माती काढायला लागली. नवऱ्यानं माझी सायकल खांद्यावर टाकून पाण्यापलीकडे नेऊन ठेवली. मग दुसरी. आमच्याच पाइपाचं पानी हाय, आमचीच चुकी, असं काहीसं तो पुटपुटत होता. त्यांच्या चुलीवर तुरीच्या शेंगा मिठात उकडत होत्या. त्यांनी आम्हाला बांधावर बसवलं आणि वाफाळत्या शेंगा पुढ्यात ओतल्या. हिरव्या शेंगेची शीर दातांनी ओढायची, दाणे जिभेवर येतात. थोडे खारट, थोडे गोड. नसरीन खात गेली, खात गेली. रडणं कधी थांबलं ते तिलाही कळलं नसावं.

"कोनाकडे चालल्या?" बाईनं विचारलं.

"माह्या मावशीकडे."

"मंग रिकाम्या हातानं काहून जाता?" असं म्हणून तिनं उरलेल्या कच्च्या शेंगा पिशवीत भरून हँडलला अडकवल्या. मागं फिरायचा विषय तिथंच मिटला.

शेलूबाजारला पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. जीपगाड्यांची गर्दी, संत्र्यांचे ढीग, ट्रकांचे भोंगे. इतक्या शांततेनंतर ते सगळं दुसऱ्याच कुणाच्या स्वप्नातलं वाटलं. गर्दीतून बाहेर पडलो. पुढं समृद्धी महामार्गाच्या पुलाखालून गेलो, तेव्हा डोक्यावरून गाड्या सूं करून जात होत्या आणि खाली एक मेंढपाळ सावलीत झोपला होता. मग संत्र्यांच्या बागा. हवेला साल सोलल्यासारखा वास. त्या वासात नसरीनचा वेग कमी कमी होत गेला आणि एका निळ्या दारासमोर सायकल थांबली.

अंगणात उन्हाला पाठ देऊन एक म्हातारी बसली होती. अगदी लहानखुरी. डोळ्यांवर जाड काच. तिनं आवाजाच्या दिशेनं मान केली.

"कौन है?"

"मैं, खाला."

"मैं कौन? मैं तो बकरी बी बोलती." (मी तर बकरीसुद्धा म्हणते.)

"नसरीन."

म्हातारीनं तोंड फिरवलं. भिंतीकडे. घरातून सून बाहेर आली, तिनं मला खाट ओढून दिली, पण नसरीनला बस म्हणायची तिची हिंमत झाली नाही. नसरीन दारात सायकल धरून उभी. एक कोंबडी चाकाजवळ येऊन मातीत चोच मारत होती. 

बऱ्याच वेळानं खाला भिंतीलाच म्हणाली, "पाँव धो ले. कीचड़ में सनी है." (पाय धू. चिखलानं भरलीयस.)

नसरीननं सायकल सोडूनच दिली, ती धाडकन पडली. रांजणाजवळ बसून तिनं पाय धुतले, किती तरी वेळ धुतले. मग खालाच्या शेजारी जमिनीवर टेकली आणि पिशवीतल्या शेंगा सोलायला घेतल्या. खालाचा हात चाचपत आला. तिनंही एक शेंग उचलली.

"आँख का आपरेशन हुआ. तू नै आई."

"तुम ही बोले थे, चौखट पे पाँव मत रख."

"बोली थी. गुस्से की बात कोई इत्ते बरस संभाल के रखता क्या?" (रागातलं बोलणं कुणी इतकी वर्षं जपून ठेवतं का?)

नसरीन खाली बघून शेंगा सोलत राहिली. तेव्हा सून पुढं झाली. रुबीना तिचं नाव. आतापर्यंत ती ओढणीआडून सगळं ऐकत होती. ती मला ऐकू जावं म्हणून मराठीत म्हणाली, "नसरीनआपानं नाही म्हनलं म्हनून त मले हे घर भेटलं. नाही त मी कुठी असती?"

 मग खालाचे खांदे हलायला लागले. मी घाबरले. पण ती हसत होती, दात नसलेल्या तोंडानं, आवाज न करता. आणि नसरीननं तिच्या मांडीवर डोकं टाकलं.

जेवायला त्याच दाण्यांची रस्सेदार भाजी होती, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. खाला मला म्हणाली, "तुमी आनली का हिले सायकलवर?"

"नाही. तिनंच मला आणलं."

"खोटं. हे पोट्टी बसमंदीबी उलट्या करे." ती उठून सायकलपाशी गेली. सीट चाचपली, हँडल चाचपलं, मागचं कॅरियर दाबून पाहिलं. "मजबूत हाय का?" आणि माझं उत्तर यायच्या आत, "नसरीन, बिठा मेरेकू." (मला बसव.)

रुबीना नको नको म्हणत असताना आम्ही म्हातारीला कॅरियरवर बसवलं. दोन्ही पाय एका बाजूला, हात नसरीनच्या कमरेला. गावाबाहेरचा रस्ता बागांच्या मधून सरळ जातो. दुपारचं ऊन पानांतून गळत होतं. नसरीन आधी डगमगली, मग सावरली, आणि सायकल हळूहळू लहान होत गेली. खालाची पांढरी ओढणी मागं उडत होती. वळणावर दोघी दिसेनाशा झाल्या. लांबून एक किंकाळी आली आणि पाठोपाठ दोघींचं हसणं. मी आणि रुबीना रस्त्याच्या मधोमध उभ्या होतो. ती ओढणीनं डोळे पुसत होती, मीही.

नसरीनला त्या दिवशी खालानं सोडलं नाही. "तुमी जा ताई. सलीमले तुमीच सांगा, मले फोनवर नाही सांगता येत," नसरीन मला सोडायला पुलापर्यंत आली तेव्हा म्हणाली.

परतीला मी डांबरी रस्ताच धरला. एकटीच होते, पण एकटं वाटलं नाही. उन्हं कलली तशी हरभऱ्याच्या शेतांवर निळसर छाया पसरली, कुठंतरी तितर ओरडत होते. हवा गार होत गेली. इतके दिवस मी या जिल्ह्यात बदली संपायची वाट पाहत होते. ही माती, ही बोली, हे थंडीचे वास दुसऱ्यांचे आहेत आणि आपण त्यातून नुसतं जातोय, असं समजत होते. त्या संध्याकाळी पेडल मारताना पहिल्यांदा वाटलं की वाशीमचे दिवे लवकर दिसावेत. घरी जाताना वाटतं तसं.

सलीमभाई दुकानातच होते. भुवयांवर, दाढीवर कापसाचे तंतू. मला एकटीला पाहून त्यांनी मशीन बंद केलं. मी धापा टाकत सगळं सांगितलं. चिखल, शेंगा, बकरीचं बोलणं, कॅरियरवरची फेरी. ते उभ्या उभ्या ऐकत राहिले.

"खालानं जेवू घातलं?"

"पोटभर."

त्यांनी समोरच्या अर्धवट रजईवरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "माह्यं नाव काढलं का?"

खोटं सांगणं सोपं होतं. पण त्या चेहऱ्याशी खोटं बोलवेना. "नाही," मी म्हटलं.

सलीमभाईंनी मान डोलावली. बाहेर रस्त्यावर नव्या वर्षाचे फटाके उडवायला पोरं जमत होती.

"काढतीन," ते म्हणाले. "आज त पहिलाच दिवस हाय." आणि त्यांनी पुन्हा मशीन चालू केलं. कापूस उडाला, आणि सकाळच्या धुईसारखं सगळं दुकान पांढरं होऊन गेलं.