कनक्या मास्तर

आमच्या मास्तरले मानसाचं तोंड लक्षात राहत नव्हतं, हात राहत होते. सिंदीच्या बजारात कोनी रामराम केला का मास्तर आधी त्याच्या हाताकडे पाहत अन् मंग म्हनत, "अरे, तू तर आखूड आंगठेवाला! कसा हायेस?" नाव मातर काई केल्या आठवत नव्हतं. लोकं हासत, पन कोनाले राग येत नव्हता.

मले पयल्यांदा भेटले तवाबी नाव इचारलं नाई. म्हने, हात दाखवा. मले वाटलं ज्योतिषी हाय. म्या म्हटलं, बाप्पा, माहं जे व्हाचं होतं ते होऊन गेलं, आता काय पाहता. पन ज्योतिषी तळहात पाहते, यायनं हात पालथा केला अन् एकेक सांधा दाबून पाह्यला, जसं बैल घेनारा खूर पाहते. मंग इचारलं, "या हातानं काय काय केलं?"

म्या सांगतलं. कापूस वेचला, निंदन केलं, जिनिंगमंदी सरकीचे पोते भरले, नवऱ्याले अन् सुनेले शेवटचं पानी पाजलं. आनखी काय सांगाचं.

मास्तरनं हात परत सुलटा केला. मंग म्हने, "लय केलं यानं. पन याच्या मापाचं याले कोनी काई देल्लं नाई."

मले ते बोलनं समजलं नाई. म्या झाडू उचलला अन् कामाले लागली.

आमच्या इकडे टेसनाच्या पल्याड एक जुनं कापसाचं गोदाम होतं. जिनिंग बंद पडली तवापासून रिकामंच. मालकानं मले झाडझुडीले ठेवलं होतं. मास्तर पलटनीतून रिटायर होऊन आले, ते गोदाम मांगून घेतलं अन् तिथं पोरायले पिस्तूल शिकवू लागले. हवेचं पिस्तूल, खेळाचं. त्यातून बारीक शिशाचा छर्रा निंगते अन् दूर टांगलेल्या कागदावरच्या काळ्या ठिपक्याले लागते. मानूस मरत नाई त्यानं, पन डोळा जाऊ शकते. म्हनून मास्तरचा कायदा कडक होता. नळी सदा भिंतीकडे, बोट सदा घोड्याच्या कडीबाहेर. जो इसरला त्यानं त्या दिवशी माह्यासंगं झाडू माराचा. त्या कायद्यापायी माहं काम लय हलकं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तर म्हने, गिरजामाय, थोडी कनीक भिजवून आना. म्या समजली, भुकेला हाय, एकटा मानूस हाय. घरी गेली, कनीक भिजवली, पोळ्या केल्या, लसनाची चटनी वाटली अन् घेऊन आली. मास्तरनं काई न बोलता सगळ्या पोळ्या खाल्ल्या, पानी पेले, मिशा पुसल्या अन् म्हने, "लय चांगल्या झाल्या. आता कनीक आना."

तवा मले समजलं, कनीक खायाले नाई, हात मोजाले पायजे. पिस्तूल शिकाले कोनी आला का मास्तर त्याच्या हातात कनकेचा गोळा देत अन् म्हनत, पिस्तूल धरल्यावानी धर. जोर नको लावू, सोडूबी नको. मंग तो गोळा हळूच काढून घेत अन् उजेडात फिरवून फिरवून पाहत. कोनतं बोट दाबते, कोनतं नुसतं पाहुन्यावानी बसून राह्यते, आंगठा कुठं जाते, मनगट कितीक वाकते, सगळं त्याच्यात दिसे म्हनत. पोळीची कनीक चालत नव्हती, पुरीवानी घट्ट लागे, अन् वरून तेलाचा हात. मंग तो गोळा सावलीत वाळवाचा. पयल्या हप्त्यात एका मोठ्या घरच्या पोराचा हात उंदरानं रातोरात खाल्ला. तवापासून म्या कनकेत कडुनिंबाच्या पाल्याचा रस टाकू लागली. गावातल्या पोरायनं तवाच त्यायचं नाव कनक्या मास्तर पाडलं. मास्तरलेबी ते आवडलं.

पिस्तुलं तीन होते. त्यायचे नावं इंग्रजी होते, मले घेता येत नव्हते, म्हनून म्या आपले नावं ठेवले. एक जड होतं, त्याची नळीबी लांब, तो रेडा. एक मधलं, त्याचा दांडा जोर लावून दुमडल्याबिगर हवा भरत नव्हती, अन् कवाकवा हात झटकून टाके, ती कालवड. तिसरं हलकं, त्यात पंपानं आधीच हवा भरून ठेवता ये, ती बकरी. पंधरा दिवसात सगळे पोट्टे तेच नावं घेऊ लागले. मास्तरबी म्हनत, आज रेड्याले तेल द्या.

जो ये त्याले रेडाच पायजे राहे. आखाड्यात जानारा एक पोरगा आला, दंड असे का सदऱ्याची बाही फाटन. मास्तरनं त्याच्या हातात रेडा देल्ला अन् हात सरळ करून उभा राहाले सांगतलं. माह्यी चहाची भगोनी उकळेपर्यंत पोराचा हात थरथरू लागला. कनकेत पाह्यलं तर बोटं आखूड, घोड्यापर्यंत पोचत नव्हते. मास्तरनं त्याले बकरी देल्ली. पोरगा म्हने, मास्तर, लोकं हासतीन. मास्तर म्हने, "हासू दे. पिस्तूल हाताले जमलं पायजे. हात पिस्तुलाले जमवत बसशीन तर नेम जाईन." ही गोष्ट ते रोज सांगत, पिस्तुलाचीबी अन् चपलाचीबी.

माह्यी नात रोशनी मले डबा द्याले ये. तिची माय गेली, बाप टरक चालवते, जाम गावच्या चौकातून जाता जाता कवा घरी डोकावते. पोरगी माह्याजवळच वाढली. लहान होती तवा कडबा कापाच्या कुट्टी मशीनमंदी तिचा उजवा हात गेला. करंगळी अन् तिच्या बाजूचं बोट, दोनी गेले. म्या तवा रडली नाई. पोरगी वाचली एवढंच म्हटलं अन् टाके सुकल्यावर निंदनाले गेली. पोरीनं बाकीच्या तीन बोटानंच लिहनं शिकून घेतलं, कापूस वेचनंबी.

एक दिवस ती दारात उभी राहून पोरायचे निशाने पाहत होती. मास्तर तिच्या हाताकडे पाहून राह्यले. मले वाटलं आता हळहळतीन, सारेच हळहळते. मास्तर म्हने, "कनीक उरली काय, गिरजामाय?"

पोरं म्हनाले, डाव्या हातानं शिकवा तिले. मास्तरनं तिले दोनी हाताची खिडकी करून दूरचा खिळा पाहाले सांगतलं. मंग एक डोळा झाक, आता दुसरा झाक. म्हने, इचा मालक डोळा, नेम धरनारा, उजवा हाय. डोळ्याले सोडून हात कुठं जाईन? पिस्तूल उजव्याच हातात राहीन.

रेडा तिले उचलला नाई. कालवडीचा दांडा तीन बोटानं दुमडला नाई. बकरी उचलली, पन मूठ हातातून खाली सरके, कारन खालून धरनारे बोटंच नव्हते. मास्तरनं तिच्या हाताचा कनकेचा गोळा वाळवला अन् शिवनीच्या लाकडाचा तुकडा घेऊन बसले. शिवन हलकी राह्यते, कोराले नरम. रोज संध्याकाळी कोरत, घासत, पोरीच्या हातात देत, परत घेत. मुठीच्या खाली तळहात टेकाले फळी केली. जिथं तिचे दोन बोटं नव्हते तिथं लाकूड भरून ठेवलं. पयल्यांदा तिनं ती मूठ धरली तवा म्हने, "आजी, सरकत नाई." दोनदा म्हने. मशीननं जे नेलं ते मास्तरनं लाकडाचं करून देल्लं होतं.

मंग पोरगी सुटलीच. सगळे छर्रे ठिपक्याच्या आंगाआंगाले. मास्तरनं सांगतलं, होळीनंतर नागपूरले मोठा सामना हाय. तिथं निवड झाली का खेळाच्या वसतिगृहात जागा भेटते, राहनं, जेवन, शाळा सारं तिथंच. नाई तर दहावीनंतर पोरगी माह्यासंगं वावरात येनार होती, हे मलेबी ठाऊक होतं, तिलेबी. आमी ते बोलत नव्हतो.

अन् होळी जवळ आली तसा तिचा नेम बिघडला. छर्रे डाव्या बाजूले जाऊ लागले. मास्तरनं पाय पाह्यले, श्वास पाह्यला, डोळे तपासून आनले. बकरी खोलून साफ केली. काई फरक नाई. पोरगी जेवत नव्हती. मास्तर कोनावर ओरडत नव्हते, पन चहा थंडा होऊन जाये.

त्यातच घरी कासारीन आली. दरसाल होळीच्या आधी येते. माह्ये हात पाहून हासली, म्हने, गिरजाबाई, दिवाळीच्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या का तुमच्या? आमच्या इकडे सगळ्या बायायचं असंच होते. दिवाळीत कापूस वेचून हात सुजलेले राह्यते, बोंडाचे काटे लागून बोटं जाड होते. तवा मोठ्या मापाच्या बांगड्या भरा लागते. वेचनी सरली का हात उतरते अन् त्याच बांगड्या ढिल्ल्या.

म्या कासारनीले तशीच बसवून गोदामात गेली. मास्तरले म्हटलं, तुमी पोरीच्या हाताचं माप कवा घेतलं? म्हने, दिवाळीच्या सुमाराले. म्या बांगड्या वरखाली करून दाखवल्या. म्हटलं, तवा पोरगी माह्यासंगं रोज वेचाले येत होती. आता हात उतरला तिचा.

मास्तरनं रोशनीले बलावलं, मूठ हातात देल्ली अन् फटीत पोस्टकार्ड घालून पाह्यलं. आरपार गेलं. डोक्यावर हात मारून घेतला अन् इतके हासले का खोकला लागला.

मले वाटलं, तर मंग सोपं हाय. एका वावरात फरदड उभी होती, मागच्या बहाराचा उरलेला कापूस. म्या पोरीले घेऊन दोन दिवस वेचाले गेली. हात चांगला सुजला, मूठ गच्च बसली. मोठ्या कौतुकानं मास्तरकडे आनली. मास्तरनं तिचे फुटलेले बोटं पाह्यले अन् तेवढ्या एकाच वेळी मले रागावले. "काय करून राह्यल्या, गिरजामाय? हात सुजवून पिस्तूल जमवता?"

म्या म्हटलं, आमी तर सारी उमर तसंच जमवलं.

मास्तरनं पोरीचा हात सोडला. मंग नरम आवाजात म्हने, "पोरीले खोबऱ्याचं तेल लावा. सूज उतरली का कनीक भिजवून आना."

नवं माप घेतलं. शिवनीचा भुसा सरसात कालवून मुठीच्या आतून लेप देल्ला, वाळवला, घासला, परत देल्ला. सामन्याच्या आदल्या दिवशीपर्यंत घासनं चालूच होतं.

नागपूरले पासिंजरनं गेलो. मास्तरनं बकरीची पेटी मांडीवर घेतली होती, लेकराले घेते तशी. तिथं एका साहेबानं रोशनीचा हात पाहून इचारलं, ही पोरगी धरन कशी? मास्तर म्हने, "हात नका पाहू साहेब, कागद पाहा." म्या मांगच्या बाकावर बसली. पिस्तुलाचा आवाज म्हनजे चिंचोका फोडल्यावानी, तेवढाच. पोरगी एकदा थांबली, पिस्तूल खाली ठेवलं, हात फराकले पुसला. मास्तरनं डोळे मिटून घेतले. मंग परत टिक, टिक, टिक.

कागद आनून लावले तवा मले वाचता येत नव्हतं त्यावरचं काई, पन सारे छिद्रं एकमेकाच्या मांडीवर बसले होते, तेवढं समजलं. निवडीत रोशनीचं नाव आलं. मास्तरनं टेसनावर सगळ्यायले आलूबोंडे खाऊ घातले अन् स्वतः तोंडात मिरची धरून रडले. म्हने, मिरची तिखट हाय.

घरी आल्यावर पोरं म्हने, आता आजीनं एक निशाना माराचा. म्या नाई म्हटलं नाई. बकरी उचलली, हात सरळ केला, पन माह्या बोटाचा सांधा एवढा जाड का घोड्याच्या कडीतच शिरेना. ढकलून पाह्यलं, फिरवून पाह्यलं. मास्तर हासून हासून खाली बसले. मीबी हासली. मंग त्यायनं माह्या हातात कनकेचा गोळा देल्ला. म्या म्हटलं, या वयात पिस्तूल करता काय माह्यासाठी? म्हने, धरा तर खरं.

त्या सालीच मास्तरचे हात कापाले लागले. चहाची बशी वाजे. त्यायच्या लेकीनं त्यायले पुन्याले बलावून घेतलं. बकरी रोशनीसंगं वसतिगृहात गेली होती; जाताना पोरायले रेडा अन् कालवड देल्ले अन् मले एका फडक्यात बांधून काईतरी देल्लं. उघडलं तर इळा. पातं नवं, अन् मूठ शिवनीची. धरली तर एकेक बोट आपल्या जागी जाऊन बसलं, जाड सांध्याले जागा, वाकड्या आंगठ्याले जागा. कापऱ्या हातानं कोरलेली होती, कुठं कुठं पटाशी घसरल्याच्या खुना होत्या.

म्या इळा परत फडक्यात बांधला. मास्तर म्हने, "येतो गिरजामाय. नळी भिंतीकडे ठेवजा."

मागच्या हिवाळ्यात ते गेले. रोशनीनं वसतिगृहातून फोन करून सांगतलं. म्या त्या दिवशी वावराच्या धुऱ्यावरचं गवत कापलं, संध्याकाळपर्यंत. हात दुखला नाई.

यंदा सुटीत रोशनी आली, माह्यासंगं वावरात निंगाली अन् कोपऱ्यातला तो इळा उचलला. दोनचार वेळा फिरवून पाह्यला, हात बदलून पाह्यला. म्हने, "आजी, हा मले जमत नाई."

"नाईच जमाचा बाई," म्या म्हटलं. "ठेव खाली. तो माह्या मापाचा हाय."