दोनदा खत घातलेला वाफा

समजा, तुम्हाला शंभर किलोचा भोपळा वाढवायचा आहे. तर बी नंतर, आधी माती. बी लावायच्या महिनाभर अगोदर वाफा हातभर खोल खणा, ढेकळं बोटांनी फोडा. मग चार घमेली कुजलेलं कोंबडीखत आणि दोन घमेली सरकीची पेंड पसरून फावड्याने खाली-वर करा. यातून मातीला नत्र मिळतं, आणि वेल वाढतो तो नत्रावर. एवढं झालं की हात धुवा, आत जा आणि घरात सांगा, खत घालून झालं.

हे शेवटचं काम माझ्या मामाच्या घरी होत नसे.

मामा एकतीस वर्षं एका गोदामात काट्यावर होता. पोती, पेट्या, लोखंडी सळ्या, सगळं लोकांचं. सगळे त्याला किलोमामा म्हणत. त्याच काट्यावर दरवर्षी गावातले हौशी लोक आपापले भोपळे आणून तोलत, आणि आकडा मोठ्याने वाचायचं काम मामाचं. निवृत्त झाल्यावर त्याने एकच गोष्ट मनात धरली होती, आपलं काहीतरी त्या काट्यावर चढवायचं. सहा वर्षांत त्याची मजल चाळीस किलोंपर्यंत गेली. यंदा गोदाम बंद व्हायचं होतं, म्हणजे ही शेवटची संधी.

मामी त्याच्याशी सात वर्षं बोलत नव्हती. भोपळ्यावर सावली पडेल म्हणून मामाने परसातलं लिंबाचं झाड तोडलं होतं, तेही मामी बहिणीकडे गेलेली असताना. ते रोप तिने माहेरून मांडीवर घेऊन आणलं होतं. त्या दिवसापासून घरात बोलणं तिसऱ्यामार्फत. मी असले तर माझ्यामार्फत, कुणीच नसलं तर मांजरामार्फत. "मने, चहा गार होतोय, सांग त्यांना." मामाही मांजरालाच विचारायचा, साखर आहे का म्हणून. ते मांजर दोघांपेक्षा शहाणं, कधी उलट बोललं नाही.

मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. यंदा मामाच्या वाफ्यातली माती मीच नेली. नत्र फारच कमी निघालं. मी फोन केला, तो मामीने उचलला. मामाच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, पंधरा दिवस वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. मी तिला कोंबडीखत आणि पेंड किती ते सांगितलं आणि म्हटलं, मामाला सांग. ती "बरं" म्हणाली. मी कुणाला काय सांगते आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. मनाला चैन पडेना म्हणून खताचं प्रमाण लिहिलेल्या अहवालाची प्रतही मामाच्या नावाने टपालाने पाठवली, घाईत पाकीट न चिकटवता नुसती टाचणी लावून. पंधरवडा संपता संपता ते पाकीट मामीच्या हातात पडलं. तिने ते मामाच्या टेबलावर, चष्म्याशेजारी ठेवलं.

मामाने वाचून प्रमाणात खत घातलं, घरच्या काट्यावर तोलून. फावडं मातीत सहज शिरलं, याचं त्याला नवल वाटलं. विश्रांतीने माती सुधारते, असं तो मला फोनवर कौतुकाने म्हणाला.

वेल असा माजला की कुंपण दिसेना. पानं छत्रीएवढी. शेजारी बघायला यायचे, आणि मामा रोज सकाळी फुलं उलटून बघायचा. नर फुलंच नर फुलं. मादी फुलं आली तीन, तिन्ही पिवळी पडून गळाली. तोलायचा दिवस आला तेव्हा मामाच्या परसात काट्यावर नेण्यासारखं एकही फळ नव्हतं. तरीही तो गेला. नव्या माणसाने आकडे वाचले, मामा टाळ्या वाजवत राहिला.

मी पुन्हा माती तपासली. नत्र हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट होतं. एवढं नत्र झालं की वेल नुसती पानं वाढवतो, फळ धरत नाही. मामा म्हणाला, घरचा काटा चुकत नाही. मग आम्ही न्हाणीघरामागे बघितलं. पेंडीचं पोतं त्याने एक आणलं होतं. तिथे दोन होती, एकाच दुकानाची, दुसरं नीट घडी घालून ठेवलेलं.

तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. मामी कणीक मळत होती. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "हे दुसरं पोतं कुणाचं, विचार तिला."

मामीने मान वर केली नाही. "त्यांना सांग, तू फोनवर सांगितलंस, ते मी केलं. त्यांना वाकायला बंदी होती."

"मला का सांगितलं नाही, विचार."

"सात वर्षांत मी काय सांगितलं होतं?" ती कणकेलाच म्हणाली. हे निरोपात बसणारं नव्हतं, म्हणून मी ते कुणालाच सांगितलं नाही. मामाला ते ऐकू गेलंच होतं.

पासष्टाव्या वर्षी, कंबर धरून चालणाऱ्या मामीने एकटीने तो वाफा हातभर खोल खणला होता. मामा दवाखान्यात डोळा दाखवायला जाई तेवढ्या-तेवढ्या वेळात. हे मामालाही कळत होतं. तो परसात जाऊन बसला. लिंबाचं खोड जमिनीपासून वीतभर अजून शिल्लक आहे, त्याच्यावरच.

मी निघताना त्याने मला थांबवलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं, फक्त एक टाचणी होती, कुणीही उघडून वाचावं अशी, हे त्याने दोनदा सांगितलं. मग मातीकडे बघत म्हणाला, "खत माझ्यासाठी घातलं, ते मानलं. पण पाकीट चष्म्याशेजारी ठेवताना तिला ठाऊक होतं ना, मी पुन्हा घालणार ते?"