फाडलेलं कार्ड आणि दुसरा वकील

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आमच्या घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या आठवड्यात सांगून गेला. मी मात्र तांब्यात निखारे घालून माझ्या एकुलत्या एक चांगल्या पातळाला इस्त्री करत बसले होते. जालन्याला वकील ठरवायला जायचं होतं आणि मलाही नेणार होते. भावाच्या गळ्याशी आलं होतं आणि मला मेलीला आनंद आवरत नव्हता. आज लिहितानाही लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू?

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडीगोद्रीपासून तासाभराच्या पायवाटेवर आमचं गाव. तिथे तो शाळेत मास्तर होता आणि शाळा सुटल्यावर गावचं पोस्टही तोच चालवायचा. टपाल घरोघर नेऊन द्यायचा, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना वाचून दाखवायचा. त्याच्यावर गुन्हा असा होता, की एका मुलाच्या नावाने आलेलं पोस्टकार्ड त्याने त्या मुलाला न देता फाडून टाकलं. पोस्ट दिल्लीच्या सरकारचं, म्हणून कायदाही दिल्लीचा. "मास्तरवर दिल्लीनं केस टाकली म्हणं!" असं लोक बोलायला लागले. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग, आणि तुरुंग झाला की मास्तरकीही गेली. दुष्काळ नुकता सरला होता आणि आमच्या घरात शिकून नोकरीला लागलेला तो एकटाच होता.

तो मुलगा धनगराच्या म्हातारीचा. बाप लहानपणी गेला, मामाने वाढवलं. मॅट्रिकची परीक्षा तिसऱ्यांदा देऊन तो मामाच्या गावी गेला, तर मामा वारलेला आणि तेरावाही उरकलेला. मामेभाऊ म्हणाले, आम्ही कार्ड टाकलं होतं, यायला काय झालं होतं? मौतीचं कार्ड वाचून झालं की दारातच फाडायचं, उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, ही रीत आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. पण कुणाला तरी वाचून दाखवल्यावर फाडायचं ना! मुलगा म्हणत होता, मला दाखवलं नाही. त्याची आई म्हणत होती, कार्ड आलंच नाही. तेव्हा त्याने रागाच्या भरात औरंगाबादच्या मोठ्या पोस्टाला तक्रार लिहिली.

आणि त्यात आमचा हा शहाणा! पोस्टाचे इन्स्पेक्टर चौकशीला आले. "कार्ड आलं होतं का?" "आल्तं." "काय केलं?" "फाडलं." खाली झोकात सही. वाचून कुणाला दाखवलं, ते मात्र सांगेना. इन्स्पेक्टरला नाही, वडिलांना नाही, मला तर नाहीच.

जालन्यातल्या पहिल्या वकिलाच्या खोलीत पाय ठेवला आणि मी हरखून गेले. भिंतभर पुस्तकं, बाकड्यांवर पक्षकारांची दाटी, आणि वकिलांचा आवाज असा की रस्त्यावरच्या टांगेवाल्याने वळून बघावं. मी जागच्या जागी ठरवून टाकलं, हाच आपला वकील. त्यांनी कागद भराभर चाळले.

"मास्तर, साधं कार्ड. रजिस्टर न्हाई, काही न्हाई. ते आलं याला पुरावा काय? तुमची सही? ती इन्स्पेक्टरनं दमदाटी करून घेतली. कार्ड आलंच न्हाई, बात खतम!"

मला टाळी वाजवावीशी वाटली. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "पण त्यांनी दमदाटी न्हाई केली साहेब. चहा पिऊन गेले."

वकिलांनी कागद परत दिले.

रस्त्यावर आल्यावर मी त्याच्यावर अशी बरसले की विचारू नका. हातातोंडाशी आलेली सुटका घालवली! "दादा, खोटं बोलवत न्हाई तर खरं तरी सगळं बोल!" कुणीतरी दुसऱ्या एका वकिलाचं नाव सांगितलं होतं, तिकडे तो चालू लागला. मी रागाने दहा पावलं मागे.

दुसरे वकील एका बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर बसत. म्हातारे, निजामाच्या अमदानीत उर्दूतून वकिली शिकलेले. खोलीत आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. मी कपाळाला हात लावला. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचले, परत पहिल्यापासून वाचले.

"गुरुजी, कार्ड फाडलं कुठं?"

"त्यांच्या ओसरीवर."

"उभ्या उभ्या?"

"न्हाई, बसल्तो. घोंगडी टाकलेली होती."

"बराबर. घोंगडी कुणी टाकली?"

भावाने मान खाली घातली. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलगा तर त्या दुपारी अंबडला पेपर देत होता. घरात एकटी म्हातारी!

"घोंगडी आपली आपण तर येत न्हाई, गुरुजी," वकील शांतपणे म्हणाले. "वकिलाला सगळं सांगावं. इथं बोललेलं मी इथून बाहेर जाऊ देत न्हाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कार्ड त्याने म्हातारीलाच वाचून दाखवलं होतं. तिने हात लावला नाही. म्हणाली, फाडा मास्तर, आन् पोराला कळू देऊ नका. पुढे मुलगा चवताळून घरी आला तेव्हा ती घाबरली आणि कार्ड आलंच नाही म्हणून बसली. भावाने शब्द दिला होता, तो त्याने इन्स्पेक्टरसमोरही पाळला.

"तुम्ही तर बौद्ध माणूस. असले अपशकुन मानता?" वकिलांनी विचारलं.

"मी न्हाई मानत. त्या मानतात. भाऊ त्यांचा मेल्ता."

वकिलांनी टेबलावर थाप मारली आणि कपाटातून एक पुस्तक ओढलं. "त्याच्या घरी, त्याच्या आईला पोचलं, म्हणजे टपाल पोचलं! कायदाच म्हणतो. पुढं घरच्यांनी फाडा म्हटलं, यांनी फाडलं. गुन्हा राह्यला कुठं?" ते म्हातारे उभे राहिले होते, मीही उभी राहिले होते. पहिल्या वकिलाचा आवाज मी तिथेच विसरले. असा वकील शोधून सापडला नसता! "फक्त हे त्या बाईंनी सांगाया पाहिजे," ते म्हणाले.

"मी त्यांना इचारणार न्हाई," भाऊ म्हणाला. "लेकापुढं त्यांना उभी करणार न्हाई."

वकिलांनी पुस्तक मिटलं. "मंग वकीलपत्र राहू द्या. अर्ध्या गोष्टीचा वकील मी होत न्हाई. जमलं तर गुरुवारी या."

शब्द भावाने दिला होता, मी नव्हता दिला. दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेल्यावर मी म्हातारीकडे गेले. ती ओसरीवर ज्वारी पाखडत होती आणि नेमका मुलगाही घरी. पाठ करून आणलेलं सगळं मी विसरले. तिनेच विचारलं, "मास्तरला वकील भेटला का गं?"

"भेटलाय मावशी, लई हुशार. पण तो म्हणतो, अर्ध्या गोष्टीचा वकील मी होत न्हाई. गुरुवारी परत बोलावलंय."

सूप थांबलं.

"कार्ड आल्तं," ती लेकाकडे वळून म्हणाली. "मास्तरनं वाचलं. मीच म्हणले, फाडा. दुसऱ्या दिशी तुहा गणिताचा पेपर व्हता."

गणितातच तो दोनदा नापास झाला होता. त्या खेपेला पास झाला. तो ताडकन उठला. "माहा मामा व्हता तो!"

"आन् माहा भाऊ न्हवता का?" म्हातारीचा आवाज चढला. "मी तरी कुठं गेले? तुला सकाळच्याला भाकर बांधून दिली, आन् तू मोटारीत बसल्यावर न्हाणीत जाऊन रडले."

तो तसाच अनवाणी निघून गेला. मी तशीच घरी आले. भावाचा शब्द मोडला होता, माय-लेकरांत आग लावली होती, आणि हाती काय लागलं होतं? गुरुवारपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही.

खटला पुढे वर्षभर चालला आणि भाऊ सुटला. मला मात्र निकालाच्या दिवसापेक्षा तो गुरुवारच जास्त आठवतो. वडीगोद्रीच्या फाट्यावर एस.टी.ची वाट बघत आम्ही उभे होतो, तर रस्त्यापलीकडून म्हातारी आली आणि तिच्यामागे तो. भावाने माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर चावत राहिले; पण आतून नाचावंसं वाटत होतं.

वकिलांच्या माडीवर म्हातारीने सगळं सांगितलं, न चुकता, न रडता. मुलगा म्हणाला, "मी तक्रार माघारी घेतो."

"आता ती तुही राह्यली न्हाई बेटा, सरकारची झाली," वकील म्हणाले. "पण साक्षीला ये."

त्याने मान डोलावली. मग भावाकडे वळून म्हणाला, "मास्तर, कार्डात काय लिव्हलं व्हतं?"

भाऊ सरळ बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, लोकांच्या दारात बसायचा तसा. आणि मोकळ्या हातांनी त्याने ते कार्ड अक्षर न् अक्षर म्हणून दाखवलं. "आत्याबाईस साष्टांग नमस्कार. बाबा काल पहाटे वारले. दोघांनी ताबडतोब निघणे. दोन दिवस सारखे विचारत होते, भाच्याचा गणिताचा पेपर झाला का."

मुलगा खाली बघत होता. "झाला, मामा," तो म्हणाला. "पास झालो."