जेम्सटाउनचा मका

टॅमसिन क्रौच दुसऱ्यांदा अमेरिकेत आली तेव्हा केस पिकले होते. एकवीस वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर व्हर्जिनियात, जेम्सटाउनला गेली होती. तिथे बहुतेक पुरुषच, सोन्याच्या आशेने आलेले. इथे मॅसॅच्युसेट्सला मात्र बायकामुलं, गाईगुरं, पाद्री, अख्खा संसार जहाजांत भरून आणलेला. तिची तरुण शेजारीण पेशन्स हे अभिमानानं सांगायची.

"ते लोभापायी गेले, टॅमसिनबाई. आपण देवाच्या कामाला आलोय. तो आपल्याला उपाशी मारेल होय?"

पहिल्याच हिवाळ्यात पीठ संपत आलं. रोज कुणाला तरी पुरायला न्यायचे. एकदा खडकांवरचे शिंपले खरवडताना पेशन्सनं विचारलं, "तिथंही असंच होतं?"

"याहून वाईट. घोडे खाल्ले, कुत्री खाल्ली, मग उंदीर. शेजारचा एलियस रोज माझ्या दारावर थाप मारायचा. माझ्याकडे ओंजळभर मका होता. मी दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी थाप थांबली."

"नवऱ्यासाठी ठेवला असेल तुम्ही."

"नवरा आधीच गेला होता. माझ्यासाठीच ठेवला. अजून ऐकू येते ती थाप, पेशन्स. भर दुपारी, कपडे वाळत घालताना."

पेशन्स आपले शिंपले उचलून निघून गेली. नंतर तिनं टॅमसिनकडे येणंच सोडलं.

आठवड्यानं टॅमसिन आपल्या भाकरीचा अर्धा तुकडा घेऊन तिच्याकडे गेली. दाराच्या फटीतून भाजत्या पिठाचा वास येत होता. तिनं थाप मारली. आतली पावलं जागच्या जागी थबकली. तिनं पुन्हा मारली. कुणी उघडलं नाही. एलियस असाच उभा राहिला असेल, त्यालाही आतल्या मक्याचा वास येत असेल, हे तिला तिथं पहिल्यांदा उमगलं. तुकडा उंबऱ्यावर ठेवून ती परतली.

फेब्रुवारीत इंग्लंडहून धान्याचं जहाज आलं. आभाराच्या प्रार्थनेला पेशन्स तिच्या शेजारी येऊन बसली. खाली मान घालून म्हणाली, "त्या दिवशी मी घरातच होते."

"ठाऊक आहे."

"रागावला नाहीत?"

"मी कुणावर रागावू, पोरी?" टॅमसिन म्हणाली आणि तिला बसायला नीट जागा करून दिली.