दाराखालच्या चपला

शालनबाईनं आयुष्यात एकच भांडण नीट कान देऊन ऐकलं होतं, आणि ते तिच्याच लग्नाचं होतं.

तेव्हा ती तेरा वर्षांची. भर दुपारी कणगीमागं लपून गूळ खात होती. थोरली बहीण गिरजा हिचं लग्न ठरलं होतं आणि सोयऱ्यांच्या घरात धाकटा पोरगा बिनलग्नाचा होता. बाप म्हणत होता, मांडव एक, वाजंत्री एक, जेवणावळ एक; त्यातच धाकटीलाही उजवून टाकू, पुन्हा कोण उठाठेव करत बसतो. आई म्हणाली, "ल्हान हाय वो ती. तिला इचारा तरी." बाप म्हणाला, तिला काय विचारायचं, ज्वारी खाशील का बाजरी? आई पुन्हा म्हणाली, "इचारा तरी." मग बापाचा आवाज चढला आणि आईचा बसला. शालन गूळ न चघळता वाट बघत राहिली, की आई आता आणखी काही बोलेल. आई बोलली नाही. उठली आणि हळकुंडं काढायला माळ्यावर चढली.

त्या दिवसापासून शालनबाईनं गूळ खाल्ला नाही. आईशीही मग ती कामापुरतंच बोलली, आई जाईपर्यंत.

बाकी तिचं वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही. नवरा मारका नव्हता. फारसा बोलकाही नव्हता. चाकणच्या अंगाला त्यांची जमीन. कंपन्या आल्या तशी थोडी गेली, राहिली तिच्यावर लेकानं, बबनरावनं, गोडाऊन बांधून भाड्यानं दिलं. बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसणाऱ्या घराच्या दारात चारचाकी आली. बबनरावला दोन मुली, मोनिका आणि तनुजा. धाकटी तनुजा आजीच्या हाताखाली वाढली. दहावीपर्यंत तिची वेणी शालनबाईच घालायची, आणि वेणी घालता घालता शाळेतलं सगळं काढून घ्यायची: कुणाची कुणाशी कट्टी झाली, कुठली बाई पट्टी मारते. ह्या पोरीच्या पोटातलं आपल्याला ठाऊक नाही असं काही नाही, ह्या समजुतीवर म्हातारी सुखात होती.

गेल्या दसऱ्यानंतर मोनिकाची सुपारी फुटली. शेजारच्या गावचं स्थळ, त्यांचं गोडाऊन ह्यांच्या बांधाला लागून. त्यांना रविराज नावाचा धाकटा मुलगा होता. सोयरे हसत हसत म्हणाले, दोघी बहिणी एकाच घरात आल्या तर मधला बांधच मोडून टाकू, आणि मांडवही एकच. बबनरावला ते इतकं आवडलं की त्यानं घरी येऊन कुणाला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. तनुजा एकोणीस वर्षांची, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. तिनं नको म्हटलं, रडली, जेवण सोडलं. बापानं तिचा फोन काढून घेतला आणि कॉलेज बंद केलं.

तेव्हा शालनबाई लेकाशी भांडली. स्वयंपाकघरात, दुपारचं, दार लोटून. "बबन, तिला इचार तरी," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली, कारण तो आवाज तिच्या आईचा होता. बबनराव म्हणाला, आई, तुला ह्यातलं काय कळतंय, तू गप बस. ती पुन्हा म्हणाली, "इचार तरी." त्यानं ताट ढकललं. मग ती गप बसली.

दोन दिवसांनी दारात पोलिसांची गाडी उभी. तनुजानं मोनिकाच्या फोनवरून १८१ लावला होता. बाईमाणसाला घरात जबरदस्ती होत असली की लावायचा सरकारी नंबर. दोन महिला पोलीस आल्या, बरोबर अडचणीतल्या बायकांना आसरा देणाऱ्या सखी केंद्राची एक बाई. त्यांनी ओसरीवर तनुजाला खुर्चीत बसवलं आणि बबनरावला उभं ठेवलं. सगळ्यांसमोर विचारलं, "हे लग्न तुझ्या मनानं आहे का?"

"नाही," तनुजा म्हणाली.

दाराआड उभ्या शालनबाईच्या मनात त्या क्षणाला काय आलं असेल? आनंद नाही आणि भीतीही नाही. तिला पोरीचा हेवा वाटला. स्वतःच्या नातीचा. खुर्चीत बसवून, चार माणसांसमोर, सरकारनं गाडी पाठवून त्या पोरीला ते विचारलं, जे शालनला कुणी कणगीमागं येऊनही विचारलं नव्हतं.

तनुजा त्यांच्याबरोबर गेली. आधी काही दिवस सखी केंद्रात, मग सरकारी वसतिगृहात. कॉलेज पुन्हा सुरू झालं. बबनरावला पोलिसांनी ठाण्यात बोलावून काय ते नीट समजावलं. सोयरे रुसले, पण दोघांनी मिळून काढलेलं गोडाऊनचं काम अर्ध्यावर आलं होतं, तेव्हा मोनिकाचं लग्न माघात करू म्हणून तेही गप झाले. एक झालं मात्र. तनुजाला रात्रीची झोप येईना, वर्गात धाप लागायची. म्हणून दर गुरुवारी तिला महापालिकेच्या दवाखान्यात समुपदेशनाला जायला सांगितलं. तो शब्द शालनबाईच्या तोंडात बसत नसे. ती त्याला बोलायची खोली म्हणायची.

आणि दर गुरुवारी ती तिथं जायची. चाकणहून भोसरी, तिथं बस बदलून पुढं, मांडीवर डबा. वेळेआधी पोचून खिडकीवर रांग लावून पोरीचा केसपेपर काढून ठेवायची. बबनराव तिला अडवत नव्हता, नुसती पाठ फिरवायचा. गावात मात्र मनाच्या डॉक्टरचं नाव काढायची सोय नव्हती, लोक पोरीला वेडी ठरवतील. शालनबाईनं सांगून टाकलं की तनुजाच्या दातांचं काम चाललंय. महिनाभरानं शेजारची प्रभावती म्हणाली, "आत्याबाई, पोरीला दात किती हायेत तरी? मगरीचं एवढ्यात झालं असतं."

बोलायच्या खोलीत विजयश्री मॅडम बसायच्या. तिशीतली बाई, सुती ड्रेस, हातात घड्याळ, कपाळाला टिकली नाही. हे शालनबाईनं पहिल्याच दिवशी टिपलं. तनुजा आत जायची, दार लागायचं, आणि म्हातारी बाहेरच्या बाकावर. आत तासभर काय बोलत असतील दोघी? पोरगी आत जाताना चेहरा ओढलेला असायचा, बाहेर येताना कुणी पाठीवरचं ओझं उतरवून ठेवल्यासारखी. मग आजी डबा उघडायची, पिठलं, भाकरी, लसणाची चटणी. तनुजा खायची, छान झालंय म्हणायची, आणि खिडकीबाहेर बघायची. काय झालं गं आत, विचारलं तर, "काही नाही, बोललो."

काही नाही बोलायला तासभर लागतो होय? शालनबाईला ती मॅडम सवतीसारखी डाचायला लागली. वेण्या मी घातल्या, ताप मी काढले, आणि पोटातलं बोलणं हिच्यापुढं. हिनं काय केलं तर पंख्याखाली खुर्ची टाकून बसली. मॅडम एकदा बाहेर येऊन आपणहून म्हणाल्या की आजी, तुम्हालाही कधी बोलावंसं वाटलं तर वेगळा केसपेपर काढून या, इथं सगळ्यांना येता येतं. शालनबाई म्हणाली, माझं बोलायचं वय गेलं. पण बसमध्ये रस्ताभर धुमसत राहिली. मला काय वेडी समजते का?

एका गुरुवारी तिला राहवलं नाही. बसस्टॉपवर ती तनुजाला म्हणाली, "पगार घेत्यात त्या आयकायचा. फुकट न्हाई आयकत."

"म्हणून तर बरं पडतं, आजी," तनुजा म्हणाली. "त्या रडत नाहीत. तुला सांगायला लागले की तू पदर डोळ्याला लावतेस. मग माझं राहतं बाजूला आणि मी तुलाच गप्प करत बसते."

शालनबाईला हे लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. घरी जाऊन ती सुनेवर उगाच भाजीत मीठ कमी म्हणून खेकसली.

पुढच्या गुरुवारी तिनं एक केलं. दार लागलं, बाकावरची माणसं आपापल्या दुखण्यात गुंतली, तशी ती उठून दाराशी जाऊन उभी राहिली. कान लावायची सवय जुनीच, कणगीपासूनची. सरकारी दार, खालून चांगली फट. पण आतलं बोलणं हळू; कुजबुज यायची, शब्द नाही. तरी ती उभी राहिली, आणि मग दर गुरुवारी राहू लागली. शब्द नाही तर नाही, पोरीचा आवाज तरी आपल्या वाट्याला.

संक्रांतीच्या आसपास, एका गुरुवारी, शब्द आले. स्वच्छ आले.

तनुजा सांगत होती, "आजी भांडली होती पप्पांशी, माझ्यासाठी. दार लोटलेलं होतं, पण मी जिन्यात बसले होते. ती दोनदा म्हणाली, तिला विचार तरी. मला वाटलं, आता ती आणखी एक वाक्य बोलेल. मी वाट बघत होते. ती नाही बोलली. तिचा आवाज थांबला तेव्हा कळलं की आता घरात माझ्यासाठी बोलणारं कुणी उरलं नाही. मग मीच बोलायचं ठरवलं आणि ताईचा फोन घेतला."

मॅडमनी काहीतरी हळू विचारलं.

"नाही, राग नाही," तनुजा म्हणाली. "ती भांडली नसती तर मला वाटलं असतं की चूक माझीच आहे."

शालनबाई बाकावर परत कशी आली तिला कळलं नाही. पदर डोळ्याला लावायला तिनं हात उचलला आणि परत खाली ठेवला. तिला जिना दिसत होता आणि कणगी दिसत होती. तिथं बसून तीही वाट बघत होती, एका वाक्याची. ते आलं नाही म्हणून आईवर जन्मभर रुसली. ह्या पोरीनं रुसण्यात वेळ घालवला नाही. पण हिच्याकडं फोन होता, नंबर होता, गाडी घेऊन येणारं कुणी होतं. माझ्याकडं काय होतं, गूळ? तिला पोरीचा पुन्हा हेवा वाटला. आणि सगळ्यात जास्त हेवा मॅडमचा. हे एवढं मोठं पोरीनं तिला सांगितलं. मला नाही.

बसस्टॉपवर ती म्हणून गेली, "मी दाराला कान लावला व्हता."

"माहीत आहे," तनुजा म्हणाली.

"काय म्हायती हाय?"

"तुझ्या चपला दिसतात दाराखालून, आजी. अंगठ्याला निळा दोरा बांधलेल्या. पहिल्या दिवसापासून दिसतात. मॅडम म्हणाल्या, आजींना लांब बसायला सांगू का, हे तुझं खाजगी आहे. मी म्हटलं, असू दे. हळू बोललं तर नाही जात बाहेर." मग ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "आज मी जरा मोठ्यानं बोलले."

बस आली. शालनबाई चढली, खिडकीशी बसली, आणि भोसरी येईपर्यंत तिला कळेना की हसावं का रडावं. पोरीनं सांगितलं होतं. तिलाच सांगितलं होतं. मधे दार ठेवून, कारण दारामागं म्हातारी रडली तरी पोरीला तिला गप्प करायला लागत नाही. मॅडमचं काम एवढंच की पंख्याखाली बसून मधे निरोप्या व्हायचं. ह्या हिशेबानं शालनबाईला फार बरं वाटलं. हिशेब खरा नव्हता, तिला ठाऊक होतं. पण तेवढा एक तिनं ठेवून घेतला.

मोनिकाचं लग्न माघातल्या गुरुवारी आलं. मुहूर्त दुपारचा, कार्यालय हायवेला, एक मांडव, एक नवरी. तनुजाला बोलावणं नव्हतं. तिचाही तो बोलायच्या खोलीतला शेवटचा गुरुवार होता. झोप लागत होती, धाप थांबली होती, आणि मॅडम म्हणाल्या होत्या, आता लागेल तेव्हा ये.

सकाळी शालनबाई नवरीच्या खोलीत गेली आणि मोनिकाच्या डोक्यावर आधीच अक्षता टाकल्या. मोनिकाला कळलं, आजी मुहूर्ताला थांबणार नाही. ती आरशातून म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही, आजी. मी हो म्हटलं असतं, पण मलाही पोलिसांनी येऊन विचारायला हवं होतं." मग तिनं स्वतःच आचाऱ्याकडून डबा भरून आणवला, मसालेभात आणि जिलब्या. म्हणाली, बहिणीला सांग, ताईकडून.

शालनबाई जरीच्या लुगड्यात, हातात डबा, कार्यालयाच्या पायऱ्या उतरत होती तेव्हा बबनरावनं गाठलं. आसपास सोयरे उभे, प्रभावती उभी.

"आई, आज तरी नको," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पाहुण्यांना काय सांगू?"

"सांग, म्हातारी तनुजाकडं गेलीय."

"आई, हळू. तू गप बस बरं आता."

शालनबाई पायरीवर थांबली. आवाज चढवला नाही, पण खालीही आणला नाही.

"दातांचं काम न्हाई चाललं तिचं, मनाचं चाललंय, आन ते तू बिघडवलं व्हतंस, बबन."

प्रभावतीनं तोंडात टाकायला उचललेली बडीशेप हातातच राहिली. बबनराव बाजूला झाला. कदाचित लाजेनं, कदाचित मागून कुणी गाडी वळवत होतं म्हणून. शालनबाई रस्त्यावर आली आणि बसला हात केला.

भोसरीला बस बदलली. खिडकीवर रांग लावली. केसपेपरवाल्यानं लुगड्याची जर बघून विचारलं, आजी, आज काय विशेष? ती म्हणाली, गुरुवार हाय. तनुजा आली, तिनं आजीकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत गेली. मॅडम दारापर्यंत आल्या तेव्हा शालनबाईनं त्यांच्या हातात कागदात बांधलेल्या दोन जिलब्या दिल्या. त्यातली एक मोडकी होती. अखंड चार डब्यात नातीसाठी ठेवल्या होत्या.

दार लागलं. सुनेनं लग्नासाठी नव्या चपला घेतल्या होत्या, मोत्यांच्या, पण त्या पेटीतच राहिल्या होत्या. निळ्या दोऱ्याच्या जुन्या चपला घालून शालनबाई दाराशी गेली आणि दोन्ही पाय फटीसमोर नीट ठेवून उभी राहिली.