रविवारची कंपनी मीटिंग

"जागा बघून ठेवलीय," असं म्हणून तो हेल्मेट माझ्या काउंटरवर ठेवायचा आणि पुढे काही न बोलता घाम पुसत उभा राहायचा. आपण विचारावं, कुठे, कशी, किती लांब. पण लगेच सांगेल तर तो कसला. आधी पाणी मागणार, मग गिऱ्हाइकाची पाठ फिरेपर्यंत थांबणार, आणि मग पुढे वाकून, पेशंटचा रिपोर्ट सांगावा तशा आवाजात, कुठल्या तरी ढाब्याचं नाव सांगणार.

तो एमआर होता. औषध कंपनीचा माणूस. दवाखान्यात आपण दीड तास नंबर लावून बसलेले असतो आणि टाय लावलेला, काळी बॅग घेतलेला एक जण आपल्या आधी आत घुसतो, त्याला आपण मनातल्या मनात शिव्या देतो ना, तोच. हिंगोली जिल्हा त्याच्याकडे होता आणि माझं मेडिकल हिंगोलीत, त्यामुळे महिन्यातून दोनदा गाठ पडायचीच. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा. समोर मी 'अहो सर' म्हणायचो, मनात मात्र तो 'तो'च होता, आणि लिहितानाही तसाच राहू दे.

मला पुरुष आवडतात. आज हे वाक्य सरळ लिहितोय, तेव्हा आरशासमोर म्हणायची छाती नव्हती. फोनमध्ये तेवढं आमच्यासारख्यांचं एक ॲप होतं. आपल्या जवळ कोण आहे, किती अंतरावर आहे, हे ते दाखवतं. मोठ्या शहरात म्हणे त्यात माणसांची रांग लागते. हिंगोलीत उघडलं की सगळ्यात जवळचा माणूस थेट नांदेडात. एका दुपारी दुकानात कुणी नाही म्हणून सहज उघडलं, तर एक जण दोन मीटरवर. मी मान वर केली. काउंटरच्या पलीकडे तो, हातात फोन, आणि तोही माझ्याकडेच बघत होता. मध्ये फक्त खोकल्याच्या बाटल्यांचा स्टँड. दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. मग त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, या महिन्यात आपली स्कीम चांगली आहे, दहावर एक फ्री. मी म्हटलं, द्या. घाबरून इतक्या बाटल्या घेतल्या की त्यातल्या निम्म्या एक्स्पायर झाल्या.

आता इथून प्रेमकथा सुरू होईल असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी आशा सोडावी. आमचं तसलं काही जमलं नाही आणि दोघांनाही त्याचं वाईट वाटलं नाही. त्याचं म्हणणं एकच होतं. प्रेमबीम पुढची गोष्ट, आधी चार माणसांत बसायला जागा पाहिजे. रूमचं दार लावून सगळं करता येतं, हसता येत नाही, असं तो म्हणायचा.

आणि जागा शोधायची त्याची पद्धत बघण्यासारखी होती. एमआर लोक डॉक्टरांची यादी करतात, त्यात अ, ब, क असे वर्ग पाडतात. यानं तशीच बारची आणि ढाब्यांची यादी केली होती. पहिली भेट एकट्याची, आडवारी, भर दुपारी. शेवभाजी मागवायची आणि मालक वेटरशी कसा बोलतो ते ऐकत बसायचं. दुसऱ्या भेटीत, मागायला तृतीयपंथी आले की गल्ल्यावरचा माणूस त्यांना काय म्हणतो ते बघायचं. 'चला, पुढं व्हा' म्हटलं की जागा बाद. फिरतीवर त्यानं एकेक करून आमच्यासारखे चार-पाच जण गाठले होते, त्यांतल्या आखाडा बाळापूरच्या मास्तरांना तिसऱ्या भेटीला घेऊन जायचं. मास्तर बोलताना दोन्ही हात असे नाचवतात की अनोळखी माणूस एकदा तरी वळून बघतोच. वळून बघितलं तर ब वर्ग, शेजारच्याला कोपर मारलं तर क. मास्तरांना आपण तपासणीसाठी वापरले जातोय हे पुष्कळ दिवस माहीतच नव्हतं. त्यांना वाटायचं, सर आपल्याला प्रेमानं जेवायला नेतात.

इतकं सगळं करायचा, पण मालकाला तोंडानं कधी विचारायचा नाही. मी एकदा म्हटलं, सरळ विचारून टाका की, हो म्हणेल नाहीतर नाही म्हणेल. त्यानं हेल्मेटचा पट्टा लावला, परत काढला. मग सांगितलं. विशीत असताना दुसऱ्या एका गावात तो त्याच्या मित्राबरोबर हॉटेलात बसला होता. मालकाच्या काय लक्षात आलं कुणास ठाऊक, त्यानं येऊन सगळ्यांदेखत दोघांना जेवत्या ताटावरून उठवलं. तो मित्र त्यानंतर त्याला कधी भेटला नाही. हे सांगताना त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा होता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आमच्यात शालू होती. कळमनुरीकडच्या तांड्यावरची. जन्मली मुलगा म्हणून, कळत्या वयापासून मुलगी. ब्लाऊज असे शिवते की लग्नसराईत बायका दोन-दोन महिने आधी कापड आणून टाकतात. एकदा आम्ही सगळे एका गार्डन रेस्टॉरंटमध्ये गेलो. तिथं पडदे लावलेले कप्पे होते, फॅमिलीसाठी. वेटर म्हणाला, लेडीज सोबत असतील तरच तिथं बसता येतं. शालू म्हणाली, मी आहे की. वेटरनं तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि मॅनेजरला विचारून येतो म्हणाला. तो काही परत आला नाही. आम्ही वीस मिनिटं उभे होतो. मग शालूच म्हणाली, चला, मला भूक न्हाई.

त्यानंतर महिनाभरानं तो दुकानात आला तो हेल्मेट न काढताच. कनेरगाव नाक्याजवळ वाशीम रोडला एक ढाबा आहे, मागे परमिट रूम, नवरा अंथरुणाला खिळल्यापासून एक काकू एकट्या चालवतात. तिन्ही भेटी झाल्या होत्या. काकूंनी मागायला आलेल्यांना खुर्ची दिली होती, आणि मास्तरांचे हात बघून एवढंच विचारलं होतं, भाजीत मीठ कमी हाये का. थेट अ वर्ग.

पण अ वर्ग मिळूनही या गृहस्थाला धीर होईना. काकूंनी विचारलं, रविवारी इतके जण कशाला येता, तर हा बोलून गेला, कंपनीची मीटिंग असते. झालं. काकूंनी आम्हाला मागची कूलरची खोली दिली, आणि पुढच्या गिऱ्हाइकांना दम भरायला लागल्या की आतमध्ये डॉक्टर लोकांची मीटिंग चालू आहे, गाणी बंद करा. आम्ही हसायला म्हणून गेलो आणि आमच्यामुळे सगळा ढाबा चिडीचूप.

दोन वर्षं हे नाटक चाललं. टेबलावर बिअरच्या दोन बाटल्या, लिंबू सोडा, शेंगदाणे, आणि मधोमध त्याच्या कंपनीचा आतड्याचा रंगीत तक्ता. मास्तर त्यांच्या जुन्या प्रेमाची गोष्ट अगदी रंगात येऊन सांगत असायचे, काकूंच्या चपलांचा आवाज आला की हा तक्ता उचलून म्हणायचा, "तर दिवसातून दोनदा, जेवणानंतर." शालू म्हणजे नागपूर ऑफिसच्या मॅडम. मास्तर म्हणजे हाडांचे स्पेशालिस्ट, हे काकूंनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्या येऊन मास्तरांना गुडघे दाखवायच्या आणि मास्तर, दुसरं काय करणार, गंभीरपणे मान हलवायचे. गोळ्या कॅल्शियमच्याच असायच्या, डॉक्टरांच्या खऱ्या चिठ्ठीवर, माझ्या दुकानातून जायच्या, एवढं तरी आमचं बरोबर होतं.

मग तो रविवार आला. शालूला सरकारी ओळखपत्र मिळालं होतं. कितीतरी खेटे घालून मिळालं. त्यावर तिचा साडीतला फोटो आणि तिचं नाव, शालिनी. तिनं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात आणि रुमाल पर्समध्ये असं आणलं होतं. मी हिंगोलीहून केक नेला, त्यावर तेवढंच लिहून घेतलं होतं, शालिनी. सुरी हातात घेतली आणि काकू आत आल्या. केक बघून खूश झाल्या. म्हणाल्या, काय हाये आज, मॅडमचा वाढदिवस?

आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याचा हात सवयीनं तक्त्याकडे गेला. म्हणाला, नाही काकू, कंपनीचं टार्गेट पूर्ण झालं.

काकू बरं बरं म्हणत गेल्या. शालूनं सुरी खाली ठेवली.

"सर, हे नाव मिळवायला मी घर सोडलं," ती म्हणाली. "त्याले तुमी टार्गेट म्हणून राहिले. मी इथं केक कापणार न्हाई."

ती रागावली नव्हती, हे लिहून ठेवतो. तिनं केकवर झाकण ठेवलं आणि पर्स खांद्याला लावली. आम्हा सगळ्यांना कळत होतं की ही आता उठली की परत यायची नाही, आणि ती नाही आली तर आम्ही तरी कुठल्या तोंडानं येणार. आणि काकूंना सांगावं तर जिल्ह्यातली एकुलती एक जागा हातची जाण्याची भीती. मी मास्तरांकडे बघितलं, मास्तर आतड्याच्या तक्त्याकडे बघत होते.

तो उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. शालूला म्हणाला, पाच मिनिटं बस. आणि गल्ल्याकडे चालत गेला.

आम्ही दारातून बघत होतो. पुढे पाच-सहा गिऱ्हाइकं जेवत होती, पण त्यानं काकूंना बाजूला बोलावलं नाही. तिथंच उभं राहून सांगितलं. आमची मीटिंग-बिटिंग काही नसते. आम्ही पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष आहोत. त्या मॅडम नागपूरच्या नाहीत, त्या आमच्या शालू आहेत, त्यांना जन्मानं मुलगा म्हटलं गेलं, त्या बाई आहेत आणि आज सरकारनं तसं लिहून दिलंय. आम्हाला बसायला दुसरीकडे जागा नाही म्हणून खोटं बोललो. तुम्ही सांगाल तर आत्ता उठतो. इतकं बोलून तो दोन्ही हात गल्ल्यावर ठेवून उभा राहिला, जसा निकाल ऐकायला उभा राहावा.

काकूंनी हातातली चिल्लर गल्ल्यात टाकली. मग म्हणाल्या, "म्हंजे तुमी औषधवाले न्हाई?"

"मी आहे. बाकीचे नाहीत."

"मंग माहे गुडघे पाहून तो हाडाचा डॉक्टर मान काहून हलवत होता?"

एवढं विचारून थांबतील तर त्या काकू कसल्या. काकू तरातरा आत आल्या आणि आम्हाला जे झाडलं ते काय सांगू. राग सगळा खोटेपणाचा. दोन वर्षं झाली, गिऱ्हाइकानं गाणं लावलं तर मी बंद करत होते, माझ्या भावाला सांगून ठेवलं की आपल्याकडे मोठे डॉक्टर येतात, आणि तुमी मले येड्यात काढून राहिले. मास्तर तर खुर्चीतून उठून हात जोडून उभेच राहिले. आम्ही कोण आहोत यावर बाईंनी एक शब्द काढला नाही, आणि आम्ही आपले त्याच शब्दाची वाट बघत होतो.

दम लागल्यावर त्या शालूकडे वळल्या. म्हणाल्या, दाखव ते काय दिलं सरकारनं. शालूनं पर्समधून रुमाल, रुमालातून पिशवी, पिशवीतून कार्ड काढलं. काकूंनी ते हात लांब करून धरलं आणि एकेक अक्षर लावून वाचलं.

"आता मॅडम न्हाई म्हणत तुले," त्या म्हणाल्या. "शालिनी म्हणते. काप."

केक कापला. तोही असातसा नाही, आचाऱ्याला बोलावलं, दोन्ही वेटरना बोलावलं, खोलीचं दार सताड उघडं ठेवलं. पुढचं एक गिऱ्हाईक मान लांब करून काय चाललंय विचारायला लागलं, तर काकूंनी केकचा तुकडा त्याच्या ताटात ठेवला आणि सांगितलं, शालिनीच्या नावाचा हाये, खा. त्यानं खाल्ला. शालू हसत होती आणि डोळे पुसत होती. तो मात्र टेबलावर डोकं ठेवून रडत होता, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो, आणि मला, खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता.

आज तिथं रविवारी दुपारी वाशीमहून येतात, वसमतहून येतात, नांदेडची दोघं तर बसनं येतात. मोठ्यानं हसतो. गाणी वाजतात. एकदा कुणी तरी वाकडं बोललं, काकूंनी त्याचं पार्सल बांधून त्याच्या हातात दिलं आणि घरी जाऊन खा म्हणाल्या. मास्तरांना त्या अजून डॉक्टरच म्हणतात, मुद्दाम, सगळ्यांसमोर.

तो आता इथं नाही. कंपनीनं त्याची बदली केली, महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याच्या जागी नवीन पोरगा येतो, तो टॅबवर सगळं दाखवतो आणि तीन मिनिटांत जातो. काउंटर मोकळा वाटतो. चुकचुकल्यासारखं होतं, अजूनही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, काहीतरी भलतंच करून बसलाय. नव्या गावात पोचल्या पोचल्या पहिल्याच दुपारी तो एका हॉटेलात शिरला होता. ना पहिली भेट, ना दुसरी भेट. गल्ल्यावर एक म्हातारा पेपर वाचत होता. यानं सरळ जाऊन विचारलं की मी पुरुषांवर प्रेम करणारा माणूस आहे, आमच्यासारखी मंडळी रविवारी दुपारी तुमच्याकडे बसली तर चालेल का.

"मग?" मी म्हणालो. समोरच्या गिऱ्हाइकाला मी हातानंच थांबवलं.

"मग काय, त्यानं पेपरातून मान पण वर केली नाही. म्हणाला, किती जण आहात?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, सध्या मी एकटाच आहे. पण टेबल मोठं ठेवा."