थोरल्या जावेची मान

थोरली जाऊ दवाखान्यात सोनोग्राफी करायची. रक्त जातंय म्हणून आलेल्या बायका टेबलावर आडव्या झाल्या की तिच्याच तोंडाकडे बघत. निकाल सांगायचा तो डॉक्टरांनी, म्हणून ती चेहरा कोरा ठेवायची. "बाळाचे ठोके दिसले तरच मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवते," हे मात्र ती एकदा घरी जेवताना बोलून गेली होती. जीभ चावली असती तर बरं झालं असतं.

कारण आज टेबलावर धाकटी जाऊ होती. गर्भाशयात गर्भाची पिशवी दिसत होती, ठोके दिसत नव्हते. दिवस कमी असले तर दिसतही नाहीत.

"जाऊबाई, वळवा ना."

"डॉक्टर सांगतील."

डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही, आठवड्याने पुन्हा बघू. थोरलीलाही याहून जास्त काही कळलं नव्हतं; पण धाकटीला ते पटेना. संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"बोलू नका. नुसती मान हलवा."

तेव्हापासून थोरली घरात मान ताठ धरून वावरते. आठवडाभर मानेवर माशी बसली तरी हलायची सोय नाही.